दुर्बिणीला ये

सुधाकर साळवे गेल्याचं कळलं तेव्हा मी चाकणच्या चौकात अडकलो होतो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि रिक्षावाल्यानं इंजिन बंद करून निवांत तंबाखू मळायला घेतलेली. सुधाकरच्या मुलीचा, पूनमचा फोन आला. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी रिक्षातून उतरलो आणि चालायला लागलो. तिथून त्याचं चिखलीचं घर पायी जायच्या अंतरावर नाही, हे काय मला कळत नव्हतं? पण बसवेना. आज सहा आठवडे झाले, अजून बसवत नाही. जेवता जेवता उठतो, टीव्हीसमोरून उठतो. बायको विचारते, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या? लागलीय खरी. ती का लागली ते सांगायलाच हे लिहायला बसलोय… बसलोय कसला, निम्मं उभ्यानंच लिहिलंय.

आमची ओळख कारखान्यातली. मी चऱ्होलीच्या जुन्या घरातला, मेंटेनन्सला. त्याचे वडील मराठवाड्यातून येऊन पिंपरीत कामगार म्हणून लागलेले. पोरानं आपल्यासारखं नुसतं मशीन चालवू नये, मशीनमधून निघालेल्या मालाला पास-नापास करावं, ही त्यांची हौस. सुधाकरनं ती पुरी केली. चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे ओतीव भाग होतात, आणि त्यांच्या पोटातून तेल जायच्या बारीक वाटा असतात. त्या वाटांत एखादं छिद्र, एखादी कपची राहिली तर गाडी कुठल्या तरी घाटात दगा देणार. म्हणून पेनाच्या रिफिलीएवढ्या जाडीची, वळणारी, टोकाला कॅमेरा असलेली नळी आत घालून प्रत्येक वाट बघायची. तिचं इंग्रजी नाव कागदावर होतं. आम्ही सगळे तिला दुर्बीण म्हणायचो, आणि सुधाकरच्या काचेच्या खोलीलाही दुर्बीणच म्हणायचो. "तापकीर, दुर्बिणीला ये," असा त्याचा फोन आला की समजायचं, एखादा नामी दोष सापडलाय आणि चहा सांगितलाय. बाहेरून सगळे जॉब देखणेच असतात रे, असं म्हणून तो मला पडद्यावर आतला खड्डा दाखवायचा. त्या वेळी त्याचा चेहरा असा खुलायचा की जणू तो खड्डा यानंच खणलाय.

त्याचा एकच नियम होता. न बघता टिक नाही. तपासणीच्या कागदावर ओळीनं चौकटी असतात. नव्यानं लागलेले लोक सगळं झाल्यावर चहा पीत पीत एकदम टिका मारायचे. सुधाकर तो कागद फाडायचा, आणि शांतपणे दुसरा हातात द्यायचा. एकदा मीही मशीनच्या कागदावर तसं केलं, तर माझाही फाडला. पंचवीस वर्षांची दोस्ती गेली चुलीत! दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

आमचा माल बाहेरच्या देशांत जातो, त्यामुळे तिकडचे लोक ऑडिटला येत. नॉर्वेचा एरिक नावाचा एक उंच, लाजाळू इंजिनिअर दरवर्षी यायचा. एकदा दुर्बीण हातात घेऊन तो म्हणाला, अशीच एक गेल्या महिन्यात माझ्या आतड्यात घातली होती. आम्ही हसलो. त्याला वाटलं आम्हांला कळलं नाही, म्हणून त्यानं हातवारे करून सांगितलं, तसे आणखी हसलो. सुधाकर तेवढा हसला नाही. तेव्हापासून जो पाहुणा येईल त्याला तो चहाच्या वेळी विचारायचाच, तुमच्याकडे आतडं कसं तपासतात? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण परदेशी माणसं सरळ सांगायची. जर्मन म्हणाला, आमच्याकडे पन्नाशी आली की तक्रार असो नसो, थेट नळीची तपासणी करून घेता येते. जपानी म्हणाला, आमच्या कंपनीच्या वार्षिक तपासणीत शौचाचा नमुना देतात, त्यात रक्ताचा अंश दिसला तरच पुढे नळी. अमेरिकन म्हणाला, आमच्याकडे बहुतेकांना पुरती झोपच लावतात, म्हणून घरी न्यायला माणूस लागतो. आणि एरिकच्या देशात म्हणे ठरावीक वयाला सरकारकडून टपालानं पाकीट येतं, नमुना टपालानंच पाठवायचा, आणि नळीची वेळ आलीच तर बहुतेक लोक जागेपणीच करून घेतात.

सुधाकरनं हे सगळं डायरीत उतरवलं होतं. म्हणाला, जॉब एकच आणि ड्रॉइंगं चार, मजाच आहे. मी विचारलं, आणि आपलं ड्रॉइंग? तर माझ्याकडे तिरकं बघत म्हणाला, आपल्याकडे तुझ्या खात्याची पद्धत, मोडल्यावर बघायचं. आमच्या वर्षाच्या तपासणीत डोळे बघतात, कान बघतात, छातीचा फोटो काढतात. त्याच्या खालच्या भागाबद्दल कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

इतकं सगळं माहीत असलेल्या माणसाला रक्त पडायला लागलं तेव्हा त्यानं काय करावं? मूळव्याध म्हणून सोडून दिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि मी तरी काय दिवे लावले? उष्णतेनं होतं, शिफ्टमध्ये बसून बसून होतं, असं म्हणून आळंदी रस्त्यावरच्या एका वैद्याची पुडी त्याला मीच आणून दिली. आमच्याकडे खालून रक्त गेलं की मूळव्याध, छातीत कळ आली की गॅस. तपासायच्या आधीच टिक मारलेली.

त्यानंतर मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी बसलो. मागच्या वर्षी जत्रेच्या आधी त्याचा फोन आला. मी तेव्हा जत्रा कमिटीत, कानाला फोन आणि समोर मांडववाल्याशी भांडण. काही आठवड्यांपूर्वीच त्यानं सांगितलं होतं की खात्यात नवी दुर्बीण आलीय, दोन्ही बाजूंना वळते, येऊन बघ. आमच्या पट्ट्यात कारखान्याची सुट्टी गुरुवारी, शनिवार म्हणजे कामाचा दिवस. हे सगळं डोक्यात असताना तो म्हणाला, "शनिवारी सकाळी मोकळा आहेस का? दुर्बीण आहे. सोबत आलास तर बरं होईल."

मी म्हणालो, "तुझी दुर्बीण तुलाच लखलाभ. मला जत्रेचं बघायचंय."

तो हसला. बरं, बघतो म्हणाला आणि फोन ठेवला. खुलासा का केला नाही, तर शोभावहिनी, म्हणजे त्याची बायको, तिथंच भाजी निवडत बसली होती. वहिनींचा थोरला भाऊ पोटाच्या कॅन्सरनं गेलेला. त्या आजाराचं नाव निघालं तरी त्यांचे हातपाय गार पडायचे, म्हणून सुधाकरनं घरात अक्षर काढलं नव्हतं. हे मला फार नंतर कळलं. पण एक शब्द मला तेव्हाच कळायला हवा होता. 'सोबत' म्हणाला होता तो. नवं मशीन बघायला कुणी सोबत मागतं का?

त्या शनिवारी तो एकटाच दवाखान्यात गेला. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पिऊन, वहिनींना कँटीनचं जेवण बाधलं असं सांगून. तिथं विचारलं, बरोबर कोण आहे? कुणी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग भूल देता येणार नाही, गुंगीत माणसाला एकटं सोडत नाही आम्ही. बरोबरच आहे त्यांचं. हा म्हणाला, भुलीशिवाय करा, काही देशांत करतात. तशी आमच्याकडे पद्धत नाही म्हणाले आणि पुढची तारीख दिली. तोवर रक्त थांबलं. थांबलं म्हटल्यावर माणूस कशाला जातोय? आठ महिन्यांनी आतडं बंद पडलं, तेव्हा उचलूनच न्यावं लागलं. पोट उघडलं तर आजार यकृतापर्यंत गेलेला.

ऑपरेशननंतर मी भेटायला गेलो आणि गेल्या गेल्या फैलावर घेतलं. "गाढवा, एवढं दुखणं अंगावर काढलंस, एका शब्दानं तरी सांगायचंस."

"सांगितलं होतं की," सुधाकर म्हणाला. "दुर्बिणीला ये म्हणालो होतो."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं… आणि मी खिडकीकडे गेलो. मागून तो म्हणाला, तुझी चूक नाही रे, ड्रॉइंगवर मीच नीट लिहिलं नाही. मला समजावत होता. नळ्या त्याच्या नाकात, आणि समजूत माझी!

डॉक्टरांना मी एकट्यानं गाठून विचारलं की आठ महिने आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, फरक पडला असता, पण किती ते सांगता येत नाही. हे 'किती'च मला बसू देत नाही. सुधाकर गेल्यावर एरिकचा फोन आला. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, माझ्या तपासणीच्या वेळी मी जागाच होतो, पडद्यावर आतलं सगळं बघत होतो, आणि नंतर एकटाच बसनं घरी गेलो. त्याचा हेतू काय दुखवायचा नव्हता. पण मी तो फोन झाल्यावर चऱ्होलीच्या नव्या इमारतींमधून दोन तास नुसता हिंडलो. त्या देशात सुधाकरला माझी गरजच पडली नसती. इथं पडली, आणि मी मांडववाल्याशी भांडत होतो.

हे छापायला द्यायच्या आधी वहिनींना सांगणं भाग होतं. पेपरात वाचून कळलं असतं तर मी माणसात जमा नसतो. गेल्या आठवड्यात दुपारी चिखलीला गेलो. वहिनी बुद्धवंदना आटोपून खुर्चीत बसल्या होत्या. मी उभा राहूनच सगळं सांगितलं. त्या उठल्या. आत गेल्या आणि त्याची डायरी घेऊन आल्या. त्यातून चार घड्यांचा एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. तपासणीच्या तयारीच्या सूचनांचा छापील कागद होता तो. प्रत्येक सूचनेसमोर चौकट, आणि चौकटीत सुधाकरची ती बारीक, सरळ टिक. हलका आहार, टिक. औषधाचा पहिला डोस, सहा वाजून पाच मिनिटं, टिक. सगळ्यांत खाली 'सोबत येणाऱ्याचे नाव'. तिथं त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, दत्तात्रय तापकीर. पुढची चौकट कोरी.

"मला वाटायचं, तुम्ही हो म्हणून आला नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"हो म्हणालोच न्हाई, वहिनी. न्हाईच म्हणालो."

यातलं जास्त वाईट काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. नाव त्यानं फोनच्या आधी लिहिलं की नंतर, तेही कळायला मार्ग नाही. नंतर लिहिलं असेल तर… जाऊ द्या.

मीही आता साठीला टेकलोय. त्याच दवाखान्यात नाव नोंदवलंय, तोच छापील कागद मिळालाय. बैल गेला आणि झोपा केला, हे मला कुणी सांगायला नको. मुलगा यायला तयार होता. पण त्या दुपारी निघताना वहिनींनी तारीख विचारली, माझ्या खिशातलं पेन आणि माझा तो कागद मागून घेतला आणि खालच्या रेघेवर सावकाश लिहिलं, शोभा सुधाकर साळवे. "माफ केलं म्हणून येत नाही," त्या म्हणाल्या. "सोबत लागते म्हणून येतेय."

मी सवयीनं पेन घेऊन पुढच्या चौकटीत टिक मारायला गेलो, तर त्यांनी कागदावर हात ठेवला. "ती टिक शनिवारी, तिथं पोचल्यावर," म्हणाल्या.