यष्टीत टांगलेला पोपट

दुष्काळात अत्तर विकणं हा गुन्हा आहे, असं माझं मत होतं आणि ते मी आत्याच्या तोंडावर सांगितलं होतं. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "हाव का? मग पुढल्या खेपेला मोगऱ्याची कुपी आणतीस का न्हाई, तेवढं सांग."

मी आणत होते. आमची संघटना नांदेडची, पण पाण्याच्या प्रश्नावर लातुरातही सभा घ्यायचं ठरलं होतं. पत्रकांचे गठ्ठे झोळीत घालून मी लोहा, अहमदपूर करत यष्टीनं यायचे आणि आत्याकडे उतरायचे. त्याच झोळीत नांदेडच्या अत्तरवाल्याकडची कुपी असायची. प्यायला पाणी नाही आणि ही बाई खेळण्यांना वास लावते, याचा राग यायचा. तरी कुपी आणायचे, कारण राग एका बाजूला आणि आत्या एका बाजूला.

लातूर तेव्हा नवा जिल्हा. साहेब आले, कचेऱ्या आल्या, पाट्या रंगल्या. पाणी आलं नाही. कचेऱ्यांकडे जाणारा रस्ता दुष्काळी कामातून चालला होता आणि त्याची खडी फोडणाऱ्या बायकांत माझी आत्या होती. नवरा वारलेला, शेत नाही. शिवणकाम होतं, तर त्या वर्षी लोकांनी कपडे शिवायचंच सोडलेलं. त्यात खडीची एक कपची उडून तिच्या उजव्या डोळ्यात गेली. डॉक्टर म्हणाला, पुन्हा लागलं तर डोळा हातचा जाईल, खडीवर जाऊ नका. जाऊ नका म्हणायला काय जातं? मग खायचं काय, ते त्यानं सांगितलं नाही. ती जातच राहिली.

म्हणून हे पोपट. हिरव्या चिंध्यांचा पोपट, पोटात कापूस, कापसाला मोगरा. पाळण्याला टांगा, दाराला टांगा. गोलाईत, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेत, कापूर, उदबत्ती, रुद्राक्ष, विभूती विकणारा एक दुकानदार होता. तो आत्याला म्हणाला होता, "शिवरात्रीच्या जत्रंला तुमचा सगळा माल उचलतो, अक्का. वरीसभर काम दितो. खडीवर जायची गरज न्हाई. पण वास टिकला पायजे. वास गेला की तुमचा पोपट म्हंजे नुसती चिंधी."

म्हणजे आत्याचा डोळा आता मोगऱ्याच्या भरवशावर होता.

मला तो माणूस पहिल्या भेटीतच खटकला. आत्यानं आदल्या दिवशी भरलेला पोपट त्याच्या हातात दिला. त्यानं नाकाशी धरला न धरला आणि परत केला. "वास न्हाई."

"अप्पा, कालच भरलाय," आत्या म्हणाली.

"भरला आसंल. वास न्हाई."

मी दुकानाच्या दारातून पाऊल टाकलं तेव्हापासून माझ्या नाकात मोगरा घुमत होता. मग हा काय बोलतोय? त्याच्या मागच्या दोरीवर आत्याचेच जुने पोपट लटकलेले होते. एका गिऱ्हाइकानं विचारलं, हे कुठले? तर हा म्हणाला, "हैदराबादचा माल हाय."

इथं माझं डोकं फिरलं. आम्ही छप्पन्न सालापासून बौद्ध. तो कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून गादीवर बसणारा. आमच्या हातची वस्तू पूजेच्या सामानाशेजारी नको असेल, तर माणसं तसं तोंडानं म्हणत नाहीत, निमित्त काढतात. कधी विहिरीच्या दोराचं, कधी भांड्याच्या कल्हईचं. इथं वासाचं काढलं, एवढाच फरक.

"वास येतो आणि तुम्ही नाही म्हणता," मी म्हणाले. "का?"

"मी काय खोटं बोलायलोय का?"

"तेच विचारते."

आत्यानं माझ्या दंडाला चिमटा घेतला. तो हसला. "पुढारीणबाई, ही सभा न्हाई. दुकान हाय."

तेवढ्यात कापूर घ्यायला थांबलेली एक बाई वळली. शिरूर अनंतपाळकडून नव्या कचेरीत दाखल्यासाठी आलेली, पदरानं घाम पुसत उभी होती. तिनं मान उंच करून इकडेतिकडे पाहिलं. "अगं बाई, मोगरा कुठून यायलाय? गजरा तर कुणाच्या डोक्यात दिसंना."

"ऐका," मी म्हणाले.

दुकानदारानं पोपट पुन्हा घेतला. या वेळी नाकाला चिकटवून धरला, दीर्घ श्वास घेतला. चेहरा कोरा. "मला न्हाई येत," तो म्हणाला. "आईच्यान न्हाई येत."

त्याच्या डाव्या हाताला कापूर होता, उजव्या हाताला धूप, पायाशी उदबत्त्यांचं खोकं. जन्म तिथं बसून काढलेला. पण मी काही लगेच विश्वास ठेवला नाही. वासाचा धंदा करणाऱ्याचं नाक बंद आणि त्यालाच पत्ता नाही? मी तसं बोलूनही दाखवलं.

घरी आल्यावर आत्या दारात थांबून हळूच म्हणाली, "एक इचारू? घरात येतो का गं वास?"

येतो का! तिच्या घरात शिरताना माझं कपाळ उठायचं, एवढा मोगरा.

"मला येत न्हाई," ती म्हणाली. "लई दिस झाले. म्हणून तर वाढवून वाढवून घालायलेय."

घ्या. करणारीला वास येत नाही, विकणाऱ्याला येत नाही, आणि सौदा कशाचा? वासाचा!

पण तेवढ्यानं दुकानदार खोटा ठरत नव्हता, याचा मला जास्त राग आला. पुढच्या खेपेला त्यानं गिऱ्हाइकांनी परत आणलेले पोपट टोपलीभर समोर ओतले. मी एकेक हुंगला. कापूस. नुसता कापूस. आपल्याकडच्या उन्हात, पत्र्याखाली, उघड्या कापसात मोगरा किती दिवस थांबणार?

तेव्हापासून वास तपासायचं काम माझ्याकडे आलं. बाहेरगावचं नाक घरात माझं एकटीचंच. दारात चप्पल काढायच्या आधी आत्या पोपट पुढं करायची.

"आत्या, आधी पाणी दे गं."

"आधी वास घे. पाणी काय पळून जातंय?" मग रिकाम्या रांजणाकडे बघून स्वतःच म्हणायची, "जातंय म्हणा."

तिनं कापूस दाबून भरला, अत्तराच्या आधी कापसाला तेल लावून पाहिलं, दुहेरी कापड शिवलं. दर खेपेला माझं एकच उत्तर, गेला. ती खडीवरून येऊन डोळ्यावर ओलं फडकं ठेवून बसलेली असायची आणि मी म्हणायचे, गेला. मलाच माझ्या तोंडाची चीड यायची.

मग एका खेपेत झोळीत कुपीचं बूच ढिलं झालं आणि सगळा मोगरा पत्रकांवर सांडला. पत्रकाचा मथळा होता, "पाणी कुठं मुरतंय?" टँकर कुणाच्या वाड्यावर आधी रिकामा होतो, याचा जाब विचारणारं जळजळीत पत्रक ते. सभेत पहिलाच म्हातारा ते हुंगून म्हणाला, "बाई, दुष्काळाचं पत्रक हाय का लगीनपत्रिका?" सगळी सभा हसली. पुढचे कित्येक दिवस जिथं गठ्ठा सोडायचे तिथं तेच. नवरदेव कुठला, मांडव कुठं, जेवणाला पाणी आहे का.

हे मी आत्याकडे तणतणत सांगत होते. ती मधेच म्हणाली, "थांब. भितीला चिटकवलेल्या कागदाला वास येतोय?"

"त्याला कुठला? दुसऱ्या दिवशीच उडाला."

"आन बांधलेल्या गठ्ठ्याला?"

"सोडला की भपकन येतो. तेच तर रडगाणं आहे."

तिनं सुई खाली ठेवली. "म्हंजे कोंडला की ऱ्हातो. आन आपण त्याला दारात बसवून ठिवलाय." थोड्या वेळानं म्हणाली, "नाकाचं बी तसंच. सारखा वास घातला की नाक मरतंय. नाकाला सुट्टी पायजे."

नवा पोपट मातीचा. कुंभाराकडून भाजून घेतलेला, पोटात पोकळ. आतून माती कोरी ठेवायची म्हणजे ती तेल पिते, बाहेरून लाखेचा हात द्यायचा म्हणजे सोडत नाही. आधी चंदनाचं तेल मुरवायचं, मग मोगरा, कारण मोगरा एकटा उडतो आणि चंदनाच्या संगतीत बसतो. पोपटाचं डोकं वेगळं, बुचासारखं. मानेतून दोरी. दोरी ओढली की पोपट मान वर करतो आणि वास सोडतो. दोरी सोडली की मान खाली, वास बंद.

ऐकायला सोपं आहे. पहिल्या पोपटांच्या मानेला मेणाची कडी बसवली, ती उन्हात वितळून डोकी चिकटली. सायकलच्या ट्यूबची कडी लावली, तर रबराच्या वासानं मोगरा खाल्ला. शेवटी मेणात राळ मिसळली आणि मान नीट बसली.

आत्यानं तो दुकानात नेला, तेव्हा मी सोबत होतेच. दुकानदारानं दोरी ओढली, सोडली, परत ओढली. त्याला तो आवडला, हे मला दिसलं. त्यानं ते दाखवायचं नाही ठरवलं, हेही दिसलं. "शिवरात्रीपतूर वास टिकला तर करार पक्का. तवर हितं ऱ्हाऊ द्या."

"इथं नको," मी म्हणाले. "कापराजवळ मोगरा मरतो. त्यात तुम्ही दिवसभर मान वर करून ठेवाल आणि मग म्हणाल, गेला."

"मग तुमच्या घरी? रोज कुपी वताल आन म्हणाल, टिकला!"

"आम्ही बेइमानी करू?"

"मी करीन आसं तुमीच म्हणायलात की."

"भांडा," आत्या म्हणाली. "तवर मी खडी फोडून येते."  मग तीच म्हणाली, "यष्टीत टांगा. नांदेडच्या. ऊन, धूळ, इंजनाची आग, खिडक्या सताड उघड्या. तिथं टिकला तर कुठं बी टिकंल. आन तिथली नाकं रोज नवी."

त्या गाडीचा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा. माझे गठ्ठे इंजिनाशेजारी ठेवू द्यायचा. तो म्हणाला, "वढतो की दोरी. पण आधीच सांगतो बाई, माझ्या नाकाला डिझेलबिगर कायच कळत न्हाई."

"तुमचं नाक नकोच आहे, मामा."

पोपट त्याच्या डोक्यावरच्या आरशाशेजारी टांगला गेला. मी दर खेपेला आधी पोपटाची मान तपासायचे, मग सीट शोधायचे. ड्रायव्हरवरही शक होताच. दुकानदाराबरोबर चहा पिताना मी त्याला पाहिलं होतं. "खरं सांगा मामा, आत काही ओतलं का? कुणी ओतायला किंवा मान उघडी ठेवायला सांगितलं का?"

"बाई, प्यायचं पाणी मी लोह्यातून भरून घेतो. अत्तर कुठून वतू?"

शिवरात्र तोंडावर आली. नांदेडला माल घ्यायला गेलेला दुकानदार परतीच्या त्याच गाडीत चढला आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला. मी त्याच्या समोर. तो माझ्यावर नजर ठेवून, मी त्याच्यावर. लोह्याला गाडी गच्च भरली, बोचकी, रिकाम्या घागरी, कोंबडीसुद्धा. गाडी गावाबाहेर पडल्यावर दुकानदार ड्रायव्हरला म्हणाला, "वढा."

ड्रायव्हरनं दोरी ओढली. पोपटानं मान वर केली.

मला काही सांगायची परवानगी नव्हती, तसं ठरलं होतं. दुकानदारानं नाक पुढं केलं नाही. तो मागं वळून लोकांच्या तोंडाकडे पाहू लागला. मीही. बाया बोलत होत्या, एक माणूस तंबाखू मळत होता. कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही. खडीच्या ढिगाशी वाकलेली आत्या मला दिसायला लागली. मग मागच्या बाकावरून एका म्हातारीचा आवाज आला, "ए, मोगरा कुणी आणलाय? इकडं दे की जरा!"

"ड्रायव्हरचं लगीन ठरलंय जणू," तंबाखूवाला म्हणाला.

"या वयात?" ड्रायव्हर ओरडला. "पोपट हाय, पोपट! लातूरच्या बाईनं केलाय. गोलाईत घावंल."

आणि हे तो रोज सांगत होता. इतके दिवस, प्रत्येक फेरीत, लोह्यापासून लातूरपर्यंत. मी दुकानदाराकडे वळले. "अप्पा, आता हैदराबादचा म्हणून कसा विकणार?"

 "लांबचा म्हणलं की माल खपतो, बाई," तो म्हणाला. "दुसरं काय न्हाई."

दुसरं काही नाही, हे त्यानं न विचारता का सांगितलं, हे मी अजून विसरलेले नाही.

शब्द मात्र त्यानं पाळला. आत्यानं मुकादमाला निरोप धाडला, मी येत न्हाई, माझ्या जागी दुसरी बघा. हातोडा कोपऱ्यात पडला. आम्ही घरात बसून पोपट भरले. गिऱ्हाईक "यष्टीतला पोपट" मागत जत्रेत आलं, आणि दुकानदार निमूट सांगत होता, लातूरच्या बाईचा.

पण त्यानं पोपट टांगले कुठं? मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला. रुद्राक्ष, विभूती, कापूर इकडे, पोपट तिकडे.

"एवढे लांब का, अप्पा?"

"कापराजवळ मोगरा मरतो. तुमीच शिकवलं की मला."

हे खरं होतं. आणि सोयीचंही होतं. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, एवढं मला कळतं.

"टांगू दे कुठं बी," आत्या म्हणाली. "उद्या खडीवर जायचं न्हाई मला. लई झालं."

मी एक पोपट उचलला, रुद्राक्षांच्या माळांच्या मधोमध टांगला आणि तिथंच उभी राहिले. दुकानदारानं पाहिलं. विभूतीची पुडी बांधता बांधता पुन्हा पाहिलं. संध्याकाळी मी दोरी ओढली. पोपटानं मान वर केली आणि आला तो कापराचाच वास.

"म्हणलं व्हतं," तो म्हणाला.

पण काढला नाही.