फोटोतली मूठ

कमळाबाई सुर्वे रागीट आहेत, असं सगळं गाव म्हणायचं. गाव खोटं बोलत नव्हतं. पण राग कुणाचा नि कशापायी, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. बुरोंडीच्या शाळेत त्यांनी उभी हयात शिकवण्यात घालवली, निम्मं बंदर त्यांच्या हातचा मार खाऊन शहाणं झालं. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायला मात्र गावाला भरपूर वेळ होता.

रागाचं मूळ होतं एका खिळ्यात. नोकरीत असताना एका मे महिन्याच्या सुट्टीत त्या हातखंब्याजवळच्या आपल्या घरी आल्या, तर ओटीच्या भिंतीवर नुसता खिळा. खाली फोटो नाही.

"अगं आक्का, काच तडकली होती, मागून वाळवी लागत होती," धाकटा भाऊ महिपत म्हणाला. मुंबईत मोठ्या कचेरीत होता, घराला रंग द्यायला म्हणून आला होता. "भंगारवाल्याला दिला सगळा कचरा. आता तिथे रंगीत फोटो लावू की."

त्या कचऱ्यात आई होती. कमळाबाई लहानपणी पहिलीत गेल्या त्याच वर्षी ती वारली, आणि जगात तिचा तेवढा एकच फोटो होता. तोसुद्धा खरं म्हणजे तिचा नव्हेच. मुलगा झाला म्हणून वडिलांनी रत्नागिरीहून फोटोवाला आणवला होता. महिपत आईच्या कडेवर, टोपडं घालून. "पोरीला बाजूला घ्या," वडील म्हणाले. पोर बाजूला झाली, पण आईचा पदर काही सोडीना. म्हणून फोटोच्या कडेला नुसती एक मूठ आली, पदर घट्ट धरलेली. कमळा म्हणून जी काही होती ती तेवढी. आणि ज्याच्यासाठी फोटो काढला, त्यानेच तो भंगारात घातला. संताप होईल नाही तर काय होईल?

पेन्शनीत निघाल्यावर त्या गावी राहायला आल्या आणि हातखंब्याच्या तिठ्यावर रावजी भंगारवाल्याकडे खेटे घालू लागल्या. लोक चौकटी विकत होते. रावजी काच नि लाकूड वेगळं काढी आणि फोटो चुलीत घाली. ते फोटो कमळाबाई उचलू लागल्या. कुणाची तरी सासू, कुणाचा तरी पणजोबा, टकमक बघणारी पोरं. एसटीत बसायचं, गावोगावच्या म्हाताऱ्यांना फोटो दाखवायचे, घर हुडकायचं आणि माणूस परत करायचं, हा त्यांचा उद्योग झाला. स्वतःची आई शोधतोय, हे त्या कुणाला सांगत नसत. भावानं आई भंगारात दिली, ही घरची लाज चव्हाट्यावर कशी मांडायची?

बरं, लोकांना तरी त्याची किंमत होती म्हणावं! एकदा मनगटावरचं घड्याळ मुद्दाम पुढे धरून बसलेल्या एका नवरदेवाचं घर शोधत त्या आरे-वारेपर्यंत गेल्या. दारात आलेली नातसून म्हणाली, "अहो, आम्हीच टाकला तो. टीव्ही आणला ना, भिंतीला जागा कुठे?"

"टीव्हीनं घातलंय होय जन्माला तुझ्या नवऱ्याच्या बापाला?" कमळाबाई कडाडल्या आणि फोटो तिच्या हातात कोंबून तरातरा चालू लागल्या. शेवटची गाडी चुकली, पण त्या दिवशी त्यांना झोप छान लागली.

मग शहाऐंशी साली एकदा फोटो कागदात बांधता बांधता रावजी सहज बोलून गेला. "येकच फोटू मी जाळला नाय बगा, बाई. जनी माज्याकडं भंगार निवडायला व्हती, ती घेऊन गेली. बाईमानूस व्हती त्यात, कडेवर पोर."

"आणि हे तू आज सांगतोस?"

"तुमी कंदी इचारलात? तुमी तर लोकांचीच मानसं शोदताव."

कमळाबाई तशाच बौद्धवाडीत शिरल्या. जनीचं घर शेवटचं. आत भिंतीवर बुद्धाच्या शेजारी, नव्या काचेत, ताज्या अबोलीच्या हारात त्यांची आई होती. त्यांच्या घरी तिला कधी हार नव्हता.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"माजी आवस," जनी म्हणाली. ती साठीची, हाडकुळी बाई. "म्हंजे ती न्हवं, पन कपाळ अक्षी तसंच. तिचा फोटू कोन काडनार? फोटूवाला तुमच्या आळीत यायचा, आमच्या वाडीकडं डुंकून बगत नसं. कडेवर हाय तो माजा भाव. द्येवी येऊन गेला, पोरपनीच. नि ही मूठ हाय ना कडंला, ती मी."

"ती मूठ माझी आहे!" कमळाबाई किंचाळल्या. "ती माझी आई आहे, माझी!" आणि त्यांनी फोटो खिळ्यावरून ओढून काढला.

जनी हलली नाही. पण बोलली तेव्हा तिचा आवाज कमळाबाईंच्याही वर गेला. "तुमची? मंग भंगारात टाकलीत तवा कुटं व्हता तुमी? काचा टोचत व्हत्या तिच्या तोंडात. मी काडल्या, मी पुसलं तिला. इतकी वर्सं आवशीची तारीख तिच्याफुडं मी पाळतंय. तुमच्यातलं कोन आलं? न्या! न्या नि परत टाका!"

कमळाबाईंना राग होता, पण तो या बाईवर काढण्यासारखा नव्हता. त्यांनी फोटो परत खिळ्याला अडकवला आणि वाकडा झालेला हार सरळ केला.

पुढच्या आठवड्यात दोघी एसटीनं रत्नागिरीला गेल्या. स्टुडिओत फोटोवरून फोटो काढून घेतला. जाताना नि येताना जनीनं मूळ फोटो मांडीवर धरला होता, कमळाबाईंच्या हाती तो काही दिला नाही. कमळाबाईंनीही मागितला नाही.

गणपतीला महिपत आला. ओटीवर आई बघून हरखलाच. "अरे वा! कुठं सापडला गं?"

कमळाबाई मोदकांसाठी नारळ खवत होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. महिपतचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे खरा फोटो बौद्धवाडीत आहे? आपली आई त्यांच्या भिंतीवर? गावात तोंड दाखवायला जागा राहील का, आक्का? उद्याच्या उद्या परत आण तो."

"आई तिथंच राहील," कमळाबाई म्हणाल्या. "तू टाकलीस, तिनं उचलली."

"अगं, पण मीही आहे त्या फोटोत!"

"आहेस ना." त्यांनी करवंटी बाजूला ठेवली आणि नारळाचं दुसरं भकल घेतलं. "त्या घरात तू पोरपणीच देवी येऊन मेलास. जनी दर वर्षी तुझ्या नावानं मेणबत्ती लावते. मला काही तिला खोटं पाडावंसं वाटलं नाही."