हातातून सुटलेला वायसर

आमच्या शाळेच्या स्लॅबवर टीव्हीची डिश बसवायला रत्नागिरीहून एक माणूस आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याचा पाना, पक्कड, अगदी चष्मासुद्धा सुतळीने अंगाला बांधलेला.

"शत्रूने आपला उपग्रहच पाडला तर?" तो डिश उपग्रहाच्या दिशेने वळवत असताना मी सहज विचारलं.

"शत्रूचं मागाहून बघू, मास्तर. हितं सुटलेला स्क्रू खाली पडतो. वर अंतराळात सुटला तर गोळीसारखा फिरत ऱ्हातो, नि एक दिवस कुणाचातरी उपग्रह फोडतो. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं, तवापासून मी सुतळी बांधतो."

तरीही उतरताना त्याचा एक वायसर, स्क्रूखाली घालायची चकती, खाली गवतात पडला. मी शाळेतला एक देऊ केला.

"वायसर माझ्याकडे ढीगभर हायत. पण ह्यो गेला कुठं, ता कळाया नको?"

तो गवतातल्या जांभ्या दगडाच्या कपारी चाचपत राहिला. दुपारची एसटी त्याने जाऊ दिली. वायसर सापडल्यावर तो खिशात घालून चालतच निघाला.

संध्याकाळी बातम्यांत उपग्रहाने टिपलेलं ढगांचं चित्र आलं. टीव्हीभोवती जमलेले सगळे त्यात आपलं कोकण शोधू लागले. मला वाटत राहिलं, तिथे वर कुणाकुणाच्या हातून काय सुटलं असेल, आणि त्यासाठी कुणी एसटी चुकवली असेल का.