आखूड केसांवरची राखडी

माझ्या लग्नात मला माहेरून सोन्याची राखडी मिळाली होती. डोक्याच्या मागे, वेणीच्या मुळाशी घालतात ती. गोल, मधे कमळ आणि कमळाला वेढा घातलेला नाग. मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, ती तिच्या डोक्यात घालायची, हे मी ती लहान असतानाच ठरवलं होतं.

पण साक्षगंधाच्या आधी तिला टायफॉईड झाला. ताप गेला, मग कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. शेवटी तिने केस मानेपर्यंत कापून घेतले. अकोल्याचे, मुलाकडचे पाहुणे यायचा दिवस जवळ आला तशी ती डोक्यावरची ओढणी काढेना.

मी इथल्याच, अमरावतीच्या बाजारातून गंगावन आणलं, म्हणजे खोटी वेणी. ती बांधून वर राखडी लावली. मुलीने मान हलवली तर सगळं पाठीवर लोंबकळलं.

"आई, हे म्हशीचं शेपूट काढ," ती हसत म्हणाली, आणि हसता हसता रडली. "लग्न झाल्यावर रोज बांधू का हे? त्यापेक्षा राखडी मोड अन् चेन कर."

मी राखडी पालथी करून पाहत बसले. मागे आकडा होता आणि दोन्ही बाजूंना बारीक कड्या. माझ्या दाट केसांत त्या कड्यांचं कधी कामच पडलं नव्हतं. मी त्यांत काळ्या दोऱ्याचा गोफ ओवला, केसांखालून नेऊन मानेवर गाठ मारली. राखडी बसली. घडवणाऱ्याने विरळ केसांच्या बाईचाही विचार केला होता.

मुलीने मला मोबाईलवर मागून फोटो काढायला लावला. बराच वेळ पाहिला. "गंगावन नको," ती म्हणाली. "अशीच बसतो मी. काय म्हनतीन ते म्हनतीन."

साक्षगंधाला ती पाटावर बसली तेव्हा मी तिच्या मागेच उभी राहिले. होणाऱ्या विहीणबाई कुंकू लावायला उठल्या, तिच्या मागे पाहून थांबल्या.

"केस काहून कापले वं?"

"तापात गेले जी. आईनं खोटी वेणी आनली होती, मीच नाही म्हटलं."

"बरं केलं. माह्या बहिणीची तं हार घालतानी खाली पडली होती. आजून हासतेत लोक."

बायका हसल्या. विहीणबाईंनी राखडीला हात लावला. "पन हे कोनं बांधली?"

"मी," म्हणत मी पुढे झाले.

"नागाचा फणा वरतं पाह्यजे, विहीनबाई. तुमी तं निजवला त्याले."

पदराने घासून नागाचं तोंड सपाट झालं होतं, त्यामुळे फणा कुठल्या बाजूला ते मला कळलंच नव्हतं. त्यांनी गाठ सोडली, राखडी फिरवली. मुलगी मान खाली घालून हसत होती.

"घट्ट बांधू का पोरी?"

"थोडी सैल ठेवा जी. लग्नातबी अशीच घालायची हाये मले."

"घालजो," त्या म्हणाल्या, आणि गोफाचं एक टोक माझ्या हातात दिलं.