रुपयावरची सरळ रेघ

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय. आरामखुर्चीत पेपर छातीवर उतरतो, भंगारवाल्याची आरोळी लांब लांब जाते, आणि जेवणाच्या टेबलापलीकडे उपळेकरकाका भिंग पुसत बसलेले दिसतात. त्यांना जाऊन आठ महिने झाले, हे मला ठाऊक आहे. तरी मी आधी शर्ट नीट करतो.

नाणी पारखायला मला काकांनीच शिकवलं. आणि सांगलीच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसल्यावर मी त्यांच्याच चांदीच्या रुपयावर चारचौघांत शेरा मारला, 'रंग चढवलेला', जुनेपणाची झाक मुद्दाम आणलेली. म्हणजे लबाडी.

"बस की हेरंब," ते म्हणतात. "परत बघ."

टेबल आता प्रदर्शनाच्या हॉलमधलं आहे, पायाखाली मात्र आमच्या मोरीची ओली फरशी. मी राणीछाप रुपया कडेनं धरतो. झीज जवळजवळ नाहीच. राणीच्या गालावर जांभळी झाक, मुकुटाकडे निळी. पण रंग मध्येच एका सरळ रेघेत थांबतो.

"चांदी आपोआप अशी रेघ मारून काळवंडत नाही, काका."

"आईच्या ओटीतला रुपया हा. खणाच्या घडीत अर्धा आत, अर्धा बाहेर. चाळीस वर्षं ट्रंकेत. घडी सरळच असते की रे."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठं?"

मी रुपयाची कड अंगठ्याखाली दाबतो. विचारावंसं वाटलं होतं. पण बाकीचे परीक्षक बघत होते, आणि गुरूला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी ताठ बसलो. माझं नाव राखायला मी त्यांना लबाड ठरवलं.

"शेरा बदलतो," मी म्हणतो. आणि, सांगायची लाज वाटते, आधी मान वळवून कुणी बघतंय का ते बघतो. हॉल रिकामा आहे. मोरीपाशी एक नऊवारीतली बाई पाठमोरी उभी राहून खणाची घडी घालतेय.

काका रागावत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"माझं राहू दे," ते भिंग खिशात टाकतात. "सुमनला तेवढं सांग. ती तो रुपया कुणाला दाखवत नाही आता."

जाग येते. पेपर खाली पडलाय. उजव्या अंगठ्याच्या पेरावर बारीक दाते उमटलेत, ओळीनं, रुपयाच्या कडेला असतात तसे. रुपया सुमनकाकूंच्या कपाटात आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी फोन उचलतो, परत ठेवतो आणि चपला घालतो. जिन्यात पेर चोळून बघतो. दाते जात नाहीत.