कूलर बंद, फोन चालू

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. ते स्वतःच फोन करून येतात, आणि आल्याबरोबर आधी दहा मिनिटं ओरडतात!

सीताबर्डीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही सहा जण कानाला हेडफोन लावून बसतो. आमच्या कंपनीचा कूलर, फ्रिज किंवा एसी बिघडला की माणूस आम्हाला फोन लावतो. हिवाळ्यात आमची कुणाला आठवण येत नाही. मे महिन्यात मात्र सगळं नागपूर आमच्यावर चिडलेलं असतं. मी इथं नऊ वर्षं काढली. त्यामुळे मी सगळ्यांची मंगलाताई, आणि नव्या लोकांना रडू आलं की ते माझ्याच टेबलाशी येतात.

* * *

मागच्या उन्हाळ्यात कन्हानहून एका गृहस्थांचा फोन आला. कूलर गरम हवा फेकतो, घरात पाहुणे आहेत, तुम्ही लोक झोपा काढता का, असं बरंच काही. मी पंधरा मिनिटं ‘हो सर, समजलं सर’ करत होते. शेवटी मॉडेलचा नंबर विचारला, तर कूलर दुसऱ्याच कंपनीचा निघाला!

मी म्हटलं, “सर, हा आमचा कूलर नाहीच. तुम्ही त्या कंपनीला फोन करा.”

“त्यायचा फोन लागत नाही ना मॅडम! तुमचा लागते, म्हणून तुमालेच बोलून राहिलो.”

मग त्यांनी शांतपणे थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांना बरं वाटलं असावं. मला मात्र पुढचे तीन फोन पाणी प्यायचंही सुचलं नाही.

* * *

माझ्या डावीकडे दिवाकर बसतो. दिवसभरात एकच वाक्य शंभरदा म्हटल्यानं ते त्याच्या अंगात मुरलंय. एका संध्याकाळी बायको म्हणाली, “तुमचं घरात लक्षच नाही राहत.” दिवाकर टीव्हीवरची नजर न हलवता बोलून गेला, “आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

बायकोही काही कमी नाही. “असं का? मग तक्रारीचा नंबर द्या, अन् तुमच्या वरच्या साहेबाले फोन लावा!”

आणि तिनं स्वतःच फोन लावला, थेट सासूबाईंना. दिवाकर सांगतो की ती तक्रार अजून मिटलेली नाही.

* * *

आमची मनं सांभाळायची जबाबदारी हेड ऑफिसनं घेतलीये. मोबाईलवर एक अ‍ॅप दिलंय. रोज अकरा वाजता ते विचारतं, ‘आज कसं वाटतंय?’ खाली पाच चेहरे असतात. दिवाकरनं एकदा रडका चेहरा दाबला. दहा मिनिटांत मॅनेजरचा फोन आला. आम्हाला वाटलं, चौकशी करत असतील.

“दिवाकर, चेहरा बदल गा. आपल्या ब्रँचचा रिपोर्ट खराब होऊन राहिला!”

दुसऱ्या एका दिवशी एक मॅडम स्क्रीनवर आल्या. डोळे मिटा, पाच मिनिटं फक्त श्वासाकडे बघा, म्हणाल्या. आम्ही मिटले. भिंतीवरच्या पाटीवर, किती लोक फोनवर ताटकळलेत, त्याचा आकडा दिसतो. डोळे मिटले तेव्हा तो नऊ होता. उघडले तेव्हा एक्केचाळीस! त्या पाच मिनिटांच्या शांतीचं टेन्शन आम्हाला संध्याकाळपर्यंत पुरलं.

* * *

आता रजनीबद्दल सांगते. माझ्या उजवीकडे बसते. मूळची उमरेडची. दीड वर्ष रोज एसटीनं ये-जा केली, मग यंदा नवरा-बायकोनं इथंच खोली घेतली आणि मुलीला पाचवीत घातलं. ही नोकरी गेली तर खोली सुटणार, मुलीची शाळा सुटणार आणि बिऱ्हाड परत उमरेडला जाणार. हे ती रोज निदान एकदा तरी बोलून दाखवते.

फोनवर हसून बोललं की समोरच्याला ते ऐकू येतं म्हणे. म्हणून हेड ऑफिसनं प्रत्येकाच्या टेबलावर छोटा आरसा ठेवला. एप्रिलात एकदा मी सहज बघितलं, तर रजनी आरशात बघून हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पलीकडून एक माणूस तिला नको नको ते बोलत होता. 

फोन संपल्यावर ती म्हणाली, “ताई, फोन आल्याचा बीप वाजला की छातीत धडधड होते वं. घरी कुकरची शिट्टी वाजली तरी होते.”

मेच्या सुरुवातीला डॉक्टरांनी आठ दिवस आराम सांगितला. ती चिठ्ठी घेऊन भोयर सरांकडे गेली. भोयर सर आमचे फोन तपासतात, सुट्ट्याही तेच देतात. माणूस वाईट नाही, पण नियमाबाहेर श्वाससुद्धा घेणार नाही.

“मे महिन्यात सुट्टी फक्त लग्नासाठी. तेही स्वतःच्या,” सर म्हणाले.

“माझं झालं आहे सर.”

“मग तर प्रश्नच मिटला.”

* * *

भोयर सर रोज चार रेकॉर्डिंग ऐकतात. फोनवर आपण तीस सेकंद गप्प राहिलो की लाल शेरा. तीन लाल शेरे म्हणजे घरी. रजनीचे दोन झाले होते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मलाही सोबत यायला सांगितलं, तेव्हाच मी समजले, हा तिसरा शेरा. रजनी ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती. सरांनी रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं.

फोन महाल भागातल्या एका आजोबांचा होता. त्यांच्या नावापुढे आधीच्या चार तक्रारी होत्या, आणि चारही वेळा आमच्याच कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘ग्राहक फार चिडलेले’. रजनीनं स्क्रीनवर ते वाचलं आणि तिचा आवाजच फुटला नाही. स्पीकरमधून फक्त तिच्या धापा ऐकू येत होत्या.

“हॅलो? बाई, आहेस का वं?” आजोबा म्हणाले.

धापा.

“दम लागून राहिला का तुले? बरं, बोलू नको. पाणी पी. मी आहो लाइनवर.”

मग बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज. मग काहीच नाही. भोयर सरांची नजर घड्याळावर. एक मिनिट. दोन. मागं कूलरची घरघर. चौथ्या मिनिटाला आजोबांच्या घरात कुणीतरी मोठ्यानं बोललं, तर ते दबक्या आवाजात खेकसले, “हळू बोला ना बाप्पा! तिकडं पोरगी पाणी पिऊन राहिली.”

सात मिनिटं झाली. माझ्या शेजारी बसून ती सात मिनिटं अशी गेली आणि मला पत्ता नाही, याची मला लाज वाटली. मग रेकॉर्डिंगमध्ये रजनीचा बारीक आवाज आला.

“सर, सॉरी. तुमची तक्रार काय आहे?”

“तक्रार नाही वं. कूलर कालच सुरू झाला. चांगली हवा देऊन राहिला. तेच सांगाले फोन केला. तुमाले कोणी सांगत नसन ना.”

रेकॉर्डिंग संपलं.  सरांनी टेबलावरचा शेऱ्यांचा कागद उलटा करून ठेवला.

“हा कॉल मी ऐकलाच नाही,” ते म्हणाले. “जा तुम्ही दोघी.”

आम्ही दारापर्यंत पोहोचलो, तेवढ्यात मागून आवाज आला.

“मंगलाताई, जाता जाता ते रेकॉर्डिंग पुन्हा एकदा लावून द्या बरं.”