विदेशी चाकूवरचं लिंबू

हसणार नसाल तर सांगतो. बघा, आत्ताच हसायला लागलात! चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. रोहणा गावातल्या त्या लग्नात माझी जी फजिती झाली, तेवढी बाकीच्या आयुष्यात सगळी मिळून झाली नसेल. आणि कशापायी? एका चाकूपायी!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्याला एका कचेरीत कारकून, पिपरी मेघेत नवं घर. माझा शाळेतला मित्र दिलीप जर्मनीहून आला आणि त्यानं मला घडीचा चाकू भेट दिला. तुम्ही म्हणाल, चाकूचं काय एवढं कौतुक? अहो, दागिना होता तो दागिना! अक्रोडाच्या लाकडाची मूठ, तोंड दिसेल असं चकचकीत पातं. अंगठ्यानं नुसतं ढकललं की टक् करून उघडायचं आणि पक्कं बसायचं. मिटायचं तर आतली बारीक पट्टी बाजूला सारावी लागायची. दिलीपनं जाताना एवढंच सांगितलं, "आंबट लागलं की लगेच पूस. पात्यावर डाग पडला तर तुलाच झोप येणार नाही."

झालं! त्या दिवसापासून मी चाकूंतला जाणकार झालो. कचेरीत फायली बाजूला सारून धार दाखवायचो. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून सर्रकन कापायचो. हातावरचे केस भादरून दाखवायचो. महिनाभरात माझा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला. पोलादावर तर असा बोलायचो, की आमच्या आजोबांनी लोखंडाची भट्टीच काढली होती!

आणि त्या चाकूनं कापायचो काय? काही नाही!

एकदा बायको, मंदा, म्हणाली, "एवढी धार हाये तं दोन कांदे चिरून द्या ना."

"कांदे? या चाकूनं?"

"मंग काय पूजा करता त्याची?"

खरं सांगू? जवळजवळ तेच करत होतो. दर रविवारी तेलाचं बोट, मऊ फडकं, आणि पुन्हा खिशात.

अशात मंदाच्या धाकट्या भावाचं, प्रशांतचं लग्न ठरलं. माझी सासुरवाडी नाचणगावची, मुलगी रोहण्याची. आमच्या भागात हळद लागली की नवरदेवाच्या हाती कट्यार देतात. लग्न लागेपर्यंत त्यानं ती खाली ठेवायची नाही. घरची कट्यार मागच्या कुठल्याशा लग्नात कोणीतरी नेली होती, ती काही परत आली नव्हती. म्हणून हळदीच्या दिवशी सासूबाईंनी स्वयंपाकघरातली सुरी आणली. गंजलेली, मुठीला सुतळी गुंडाळलेली.

आता माझ्यातला जाणकार गप्प बसतो होय?

"छे छे! ही सुरी नवरदेवाच्या हाती? व्हिडिओ शूटिंग होणार आहे, आई!" असं म्हणत मी खिशातून चाकू काढला. टक्!

सगळा मांडव बघतच राहिला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "जवाई असावा तं असा!" प्रशांतनं तर चाकू हातात घेऊन दोनदा हवेत फिरवला. माझी छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण जायचं तेवढं राहिलं.

तेवढ्यात सासूबाईंनी परातीतलं रसरशीत लिंबू उचललं आणि खच्चकन माझ्या पात्याच्या टोकावर बसवलं.

अहो, कट्यारीच्या टोकाला लिंबू टोचतात, हे मी साफ विसरलो होतो! माझ्या डोळ्यांदेखत एक थेंब पात्यावरून ओघळत मुठीकडे निघाला.

"आई, लिंबू... लावलंच पाहिजे का?"

"म्हंजे काय? नजर लागन ना पोराले!"

मंदा माझ्या कानाशी आली. "तुमच्या लग्नात काय संत्रं टोचलं होतं?"

 दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाच्या गाडीत मी हट्टानं प्रशांतच्या शेजारी बसलो. रुमालानं पातं पुसायचो. गाडी खड्ड्यात आदळली की लिंबू आणखी खाली सरकायचं, पुन्हा रस, पुन्हा रुमाल!

"भाऊजी, काय करून राह्यले?" प्रशांत वैतागला. "हात सोडा ना माझा. लोक पाहून राह्यले."

"तू हात हलवू नको रे बाबा!"

रोहण्याला शाळेत आमचा जानोसा, म्हणजे वऱ्हाडाचा उतारा होता. वऱ्हाड उतरलं, पोहे आले, वर लालभडक तर्री. एरवी मी पोह्यांची प्लेट दुसऱ्याच्या हाती जाऊ देत नाही. पण त्या दिवशी घास उतरेना. चहावर साय धरली. मी आपला समोर बसलेल्या प्रशांतच्या हाताकडे टक लावून बसलेला.

आता एक ध्यानात घ्या. मी नवरदेवाकडचा थोरला जवाई! आमच्या लग्नांत जवायानं खाल्लं नाही, तर त्याचं पोट बिघडलं असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. जवाई रुसला, एवढाच त्याचा अर्थ.

मुलीचे काका आले. "पाहुणे, पोहे काऊन नाई घेतले?"

"नाही हो, मन नाही."

मन नाही! हे दोन शब्द माझ्याआधी मांडवात पोहोचले. पाच मिनिटांत माझी लोखंडी खुर्ची गेली आणि गादीची आली. टेबलफॅन माझ्याकडे वळला. गाडीतून उतरताना दिलेली शेला-टोपी पुन्हा एकदा दिली, नारळासकट. मी मान हलवून "राहू द्या, राहू द्या" म्हणत होतो आणि काकांच्या खांद्यावरून लिंबाकडेच बघत होतो.

काका हुशार. माझी नजर जाते कुठे, ते त्यांनी मागे वळून पाहिलं. प्रशांतच्या त्याच हातात, चाकूला लागून, सासरकडून मिळालेली नवीकोरी सोन्याची अंगठी चमकत होती!

"समजलं!" म्हणाले आणि धावतच गेले.

थोड्या वेळानं मुलीचे वडील आले. साधा, बारीक चणीचा माणूस. बोटं साबणाच्या पाण्यानं ओली. स्वतःच्या बोटात घट्ट बसलेली जुनी अंगठी त्यांनी साबण लावून काढली होती. ती तळहातावर ठेवून माझ्यापुढे उभे राहिले.

"जवाईबापू, घाईगर्दीत चुकलं आमचं. हे घ्या. पन पोरीच्या लग्नात मन खट्टू करू नका."

त्यांचे डोळे भरून आले होते. दारात सासूबाई आणि मंदा, दोघींचे चेहरे पांढरे. वाजंत्री थांबलेली, मुहूर्त जवळ आलेला. मला इतकी लाज वाटली, इतकी वाटली, की काय सांगू! खरं बोलावं तर माझी अब्रू जाते. न बोलावं तर त्या माणसाच्या हातची अंगठी जाते.

"अहो, अंगठी नको मला!" मी ओरडलोच. "मी लिंबाकडे पाहत होतो!"

"लिंबाकडे?"

"तो चाकू माझा आहे. जर्मनीचा. लिंबानं डाग पडेल ना त्याला!"

सगळा जानोसा वळून लिंबाकडे पाहू लागला. मग मुलीचे वडीलच आधी हसले. हसता हसता खालीच बसले, आणि आता त्यांच्या डोळ्यांतलं पाणी वेगळं होतं. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, जवाई लिंबापायी रुसला!" झालं, सगळं वऱ्हाड सुटलं! मामाजी भिंतीला टेकून हसत होते. मंदा तेवढी हसत नव्हती, पण ती पदर तोंडात धरून दुसरीकडे बघत होती. मी गारढोण पोह्यांच्या दोन प्लेटी खाल्ल्या. खरं सांगतो, इतके गोड पोहे पुन्हा कधी लागले नाहीत.

लग्न लागलं. मंगलाष्टकं म्हणताना भटजींनाही मध्येच हसू फुटत होतं. मग लिंबू उतरवलं आणि चाकू माझ्या हाती आला. दोन्हीकडची मंडळी गोळा झाली. मी हळूच पातं पुसलं.

एक डाग नाही! लख्ख!

"पाहा, काईच नाई झालं!" मुलीचे वडील माझ्यापेक्षा जास्त खूश.

तिथे गप्प बसलो असतो तर हा किस्सा इथेच संपला असता. पण जाणकार ना मी! "पोलाद आहे हे! आणि आता मिटतो कसा, तेही पाहा. एका हातानं!"

आतली पट्टी सारली. हात लिंबाच्या रसानं बुळबुळीत. पातं आलं, अंगठा मात्र तिथेच राहिला.

वर्षभर धार तपासली होती की नाही? त्या चाकूनं खऱ्या अर्थानं पहिल्यांदा काही कापलं, ते मालकाचं बोट! नवरीची आई हळदीची वाटी घेऊन धावली आणि मूठभर हळद माझ्या अंगठ्यावर दाबली. व्हिडिओवाल्यानं सगळं अगदी जवळून टिपलं.

ती कॅसेट दोन्ही घरांत अजून जपून ठेवली आहे. नवे पाहुणे आले की मुलीचे वडील मोठ्या प्रेमानं लावतात आणि माझं चित्र आलं की थांबवून सांगतात, "आमच्या मांडवात तिघाइले हळद लागली. नवरदेवाले, नवरीले, अन् ह्या जवाईबापूले!"